खेळात राजकारण आणू नका म्हणणारे १९२० साली कुठे होते?

भारत सामना हरला की आपल्याकडे दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले, "मीडिया विकला गेलाय." दुसरे, "खेळात राजकारण आणू नका." कल्याणहून सुटणाऱ्या लोकलचा डबा असो, ठाण्याच्या सेंट्रल मैदानाचा कठडा असो की डोंबिवलीतली चहाची टपरी, वाद याच दोन वाक्यांभोवती फिरतो. गंमत म्हणजे ही दोन्ही वाक्ये बहुधा एकाच माणसाच्या तोंडची असतात. त्याच्या आवडत्या खेळाडूला संघातून वगळले की मीडिया विकलेला असतो, निवड समितीत लॉबी असते, वरून फोन आलेला असतो. पण शेजारी बसलेल्या एखाद्या पोराने जातीचा किंवा धर्माचा प्रश्न काढला, की त्याच माणसाला खेळ एकदम पवित्र वाटू लागतो.

या वादात आपली आंबेडकरी पोरेही हिरिरीने उतरतात. त्यांनी उतरावेच. पण उतरताना इतिहास हाताशी असावा, कारण हा वाद आयपीएलने किंवा व्हॉट्सॲपने जन्माला घातलेला नाही. क्रिकेट, जात, राजकारण आणि वृत्तपत्रे यांची सांगड शंभर वर्षांपूर्वी याच मुंबई इलाख्यात पडली होती. त्या इतिहासात आपल्याला अभिमान वाटावा असे पुष्कळ आहे, आणि आपल्याला अवघड वाटावे असेही काही आहे. दोन्ही सांगितले पाहिजे.

एकाच वर्षाची दोन टोके

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले. छत्रपती शाहू महाराजांनी त्यासाठी २,५०० रुपयांची मदत केली होती. पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी मुंबई इलाख्यातल्या वृत्तपत्रांचे निदान मांडले: यातली बरीचशी पत्रे विशिष्ट जातींचे हितसंबंध सांभाळणारी आहेत आणि इतर जातींच्या हिताची त्यांना पर्वा नाही. हा आरोप हवेतला नव्हता. 'मूकनायक'ची साधी जाहिरात, तीही पैसे मोजून, छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. बाबासाहेबांनी ही गोष्ट पुढे 'बहिष्कृत भारता'त नोंदवून ठेवली आहे.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबईत चौरंगी क्रिकेट स्पर्धा भरली. युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुसलमान असे चार संघ. धर्म आणि वंश हाच संघाचा पाया होता. म्हणजे 'खेळात राजकारण' बाहेरून कोणी आणण्याची गरजच नव्हती. ते संघाच्या नावातच होते. या हिंदू संघात चांभार समाजातले चार भाऊ वेगवेगळ्या काळात खेळले: बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल पालवणकर.

थोरले पालवणकर बाळू हे हिंदुस्थानी क्रिकेटमधले पहिले मोठे डावखुरे फिरकी गोलंदाज. त्यांचे वडील पुण्यात लष्करात नोकरीला होते. बाळूंनी पुण्यात आधी पारशी क्लबात आणि मग गोऱ्यांच्या पूना क्लबात मैदानाची कामे केली, जाळी लावली, खेळपट्टी झाडली. महिना पगार तीन-चार रुपये. कॅप्टन ग्रेग नावाच्या इंग्रज फलंदाजाने त्यांना सरावासाठी गोलंदाजी करायला लावले आणि त्या सरावातूनच एक गोलंदाज घडला. गोऱ्यांनी बाळूंना चेंडू टाकू दिला, पण फलंदाजी करू दिली नाही. पुण्यातल्या हिंदूंनी त्यांना संघात घेतले, पण चहा पॅव्हिलियनच्या बाहेर मातीच्या भांड्यात दिला. आत बाकीचे खेळाडू चिनी मातीच्या कपांतून चहा पीत होते. ज्या हाताने टाकलेल्या चेंडूवर बळी हवा, त्याच हाताचा कपाला स्पर्श नको! जातिव्यवस्था समजून घ्यायला समाजशास्त्राचे एवढे एक उदाहरण पुरे आहे. माणसाचे श्रम आणि कौशल्य हवे असते, फक्त तो माणूस नको असतो.

१९०६ मध्ये मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. बाळू आणि शिवराम दोघेही त्या संघात होते. 'इंडियन सोशल रिफॉर्मर'सारख्या सुधारकी पत्राने या विजयाकडे जातिभेदाच्या प्रश्नाच्या अंगाने पाहिले. खेळाच्या बातमीत समाजाचा प्रश्न वाचण्याचे हे आपल्याकडचे आरंभीचे उदाहरण म्हणता येईल. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानी संघ इंग्लंडला गेला. सगळा दौरा फसला, पण बाळूंनी तिथे ११४ बळी घेतले. परत आल्यावर मुंबईतल्या अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. तरुण भीमराव आंबेडकरांनाही या माणसाचा अभिमान वाटत होता.

एवढे असूनही बाळूंना हिंदू संघाचे कर्णधारपद मिळाले नाही. वर्षामागून वर्षे गेली, कर्णधार बदलत गेले आणि बाळू चेंडू टाकत राहिले. १९१३ मध्ये कर्णधार झालेल्या एम. डी. पै यांनी हा मान ज्येष्ठ खेळाडू म्हणून बाळूंचा होता असे जाहीरपणे सांगितले. पै स्वतः ब्राह्मण होते. हा त्यांचा मोठेपणा नोंदवलाच पाहिजे. पण एका माणसाच्या मोठेपणाने व्यवस्था बदलत नाही, हेही तितकेच खरे. पुढची सात वर्षे काहीही बदलले नाही.

डिसेंबर १९२० मध्ये पै आजारी पडले. बाळूंना तर संघातूनच वगळले होते. आता अनुभवाच्या हिशेबाने कर्णधारपद विठ्ठल किंवा शिवराम यांच्याकडे यायला हवे होते. निवड झाली ती पुण्याच्या दि. ब. देवधरांची. देवधर गुणी फलंदाज होते, प्रश्न त्यांच्या गुणवत्तेचा नव्हता. प्रश्न असा होता, की ज्येष्ठता डावलण्याचा नियम दरवेळी एकाच घरावर का पडतो? विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले आणि त्याचे कारण वृत्तपत्रांतून जाहीर केले: आम्हाला जातीमुळे डावलले जात आहे.

हे निवेदन छापून आले, त्यावर वाद झाला, चाहत्यांनी बाजू घेतली. जिमखान्याच्या बंद खोलीतला निर्णय लोकांच्या चर्चेचा विषय झाला. त्याच महिन्यात नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात अस्पृश्यता निवारणाची भाषा चालू होती, त्यामुळे जिमखान्याच्या पुढाऱ्यांना तोंड लपवायला जागा उरली नाही. अंतिम सामन्यासाठी पै परतले, बाळू संघात आले आणि उपकर्णधार झाले, दोघे भाऊही परत आले. पै मैदानाबाहेर गेले तेव्हा काही काळ संघाचे नेतृत्व बाळूंनी केले.

जे हवे होते ते विनंत्या करून मिळाले नाही, कोणाच्या हृदयपरिवर्तनानेही मिळाले नाही. खेळायला नकार दिला, कारण उघडपणे छापले, लोकमत जागे झाले, तेव्हा व्यवस्था वाकली. तरुणांनी या प्रकरणातून एवढी एक गोष्ट तरी उचलावी.

खांद्यावर विठ्ठल, पाण्यावर पहारा

१९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि अंतिम सामन्यात हिंदूंनी युरोपियनांना हरवले. प्रेक्षकांनी विठ्ठलला खांद्यावर घेतले. वृत्तपत्रांतून चाहत्यांची पत्रे आली. हिंदूंनी जातिभेद सोडला म्हणून विजय मिळाला, असा त्यांचा सूर होता, आणि याचे श्रेय गांधीजींच्या कार्याला देण्यात आले. विठ्ठल यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी पुढे १९२५ आणि १९२६ मध्येही स्पर्धा जिंकली.

आता त्याच वर्षाचे दुसरे पान उघडा. ऑगस्ट १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला: सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या. महाड नगरपालिकेनेही पुढे तसा ठराव केला. आणि २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांबरोबर चवदार तळ्याचे पाणी प्यायलेल्या आपल्या माणसांवर काय बेतले? लाठ्याकाठ्यांनी डोकी फुटली आणि नंतर गोमूत्राने तळे 'शुद्ध' करण्यात आले. मुंबईच्या मैदानावर चांभाराचा मुलगा खांद्यावर घेतला जात होता आणि महाडला माणसाच्या ओंजळीने तळे बाटत होते. अंतर फक्त तीन-चार वर्षांचे आहे.

चाहत्यांचा जल्लोष खोटा होता असे मी म्हणत नाही. हजारो लोक एका अस्पृश्य कर्णधारासाठी ओरडतात, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. पण टाळी ही हक्काची जागा घेऊ शकत नाही. वृत्तपत्रांनी आणि चाहत्यांनी एका खेळाडूच्या यशाला संपूर्ण समाजाच्या मुक्तीचे प्रमाणपत्र बनवले, आणि माध्यमांचा पक्षपात खरा तिथे होता. पक्षपात म्हणजे दरवेळी खोटी बातमी नव्हे. खरी बातमी मोठी छापायची आणि तिच्या शेजारची दुसरी खरी बातमी गाळायची, हाही पक्षपातच. आजही आपल्यातला कोणी जिंकला की 'देशाची लेक' आणि 'झोपडीतून शिखरावर' असे मथळे येतात. त्या झोपडीला नळ का नाही, हे त्या बातमीत नसते.

बाळूंचे काय करायचे?

आता अवघड भाग. आपल्या तरुणांच्या चर्चेत बाळूंचे नाव निघाले की एक गट लगेच म्हणतो, "तो तर बाबासाहेबांच्या विरोधात उभा राहिला. त्याचे कौतुक कशाला?"

वस्तुस्थिती अशी. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर बाळूंची सही आहे. स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर ते एम. सी. राजा यांच्यासारख्या नेत्यांबरोबर, म्हणजे गांधीजींच्या भूमिकेच्या जवळ होते. १९३५ च्या येवल्याच्या घोषणेनंतर धर्मांतराच्या प्रश्नावरही त्यांचे बाबासाहेबांशी जुळले नाही. आणि १९३७ च्या निवडणुकीत भायखळा-परळच्या राखीव जागेवर स्वतंत्र मजूर पक्षाचे उमेदवार बाबासाहेब होते, तर त्यांच्यासमोर काँग्रेसने उभे केले होते पालवणकर बाळू. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. फरक अवघा २,०२० मतांचा.

काँग्रेसने बाळूच का निवडले? कारण त्यांची प्रसिद्धी. ज्या नावाला वीस-तीस वर्षे मैदानावर टाळ्या मिळाल्या, ते नाव मतपत्रिकेवर वापरले गेले. खेळाडूच्या लोकप्रियतेचे राजकीय भांडवल करण्याचा प्रयोग भारतात आजकाल सुरू झाला असे कोणाला वाटत असेल, तर त्याने हे आकडे पाहावेत. ज्यांनी बाळूंना कर्णधार केले नाही त्याच सवर्ण वर्तुळाला, बाबासाहेबांना अडवायची वेळ आली तेव्हा बाळू 'दलितांचे नेते' म्हणून चालले, हा त्यातला खरा उपरोध.

पण म्हणून बाळूंना गद्दार ठरवून इतिहासातून पुसायचे का? मला ते पटत नाही. बाळूंचा अनुभव एका असामान्य गुणवत्तेच्या माणसाचा होता. त्यांच्यासाठी हिंदू समाजाचे दार, उशिरा का होईना, थोडे उघडले होते, आणि ते आणखी उघडेल असा विश्वास त्यांना वाटला. बाबासाहेबांचा प्रश्न वेगळा होता: ज्याच्या हातात फिरकी नाही, ज्याच्याकडे परदेशी पदवी नाही, त्या गावकुसाबाहेरच्या सामान्य माणसाला दार कोण उघडणार? त्याला कोणाच्या दयेवर नव्हे, कायद्याच्या आणि प्रतिनिधित्वाच्या बळावर जगता आले पाहिजे. राजकीयदृष्ट्या बाबासाहेबच बरोबर होते, आणि त्याचा पुरावा खुद्द बाळूंचे क्रिकेट देते. इतके बळी घेऊनही त्यांना हक्काचे कर्णधारपद कधीच मिळाले नाही. धाकट्या भावाला मिळाले, तेही नकार आणि जाहीर वादानंतर. बाळूंच्या मतपत्रिकेपेक्षा बाळूंच्या गोलंदाजीची कहाणी आपल्या बाजूने अधिक ठाम साक्ष देते.

म्हणून म्हणतो, प्रस्थापित माध्यमांनी बाळूंना गाळले आणि आपणही गाळले, तर गाळण्याचे काम दोघांनी मिळून पुरे केले असे होईल. बीसीसीआयच्या स्पर्धांची नावे पाहा. जे भारताकडून कधी खेळलेच नाहीत त्या रणजींच्या नावाने करंडक आहे, दुलीप आहेत, देवधरही आहेत. बाळू किंवा विठ्ठल यांच्या नावाचा राष्ट्रीय करंडक नाही. विठ्ठल यांनी 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. आपल्या किती वाचनालयांत ते आहे, हेही एकदा पाहा.

आरसा कोणाच्या हातात?

चौरंगीची पुढे पंचरंगी झाली. १९४० च्या डिसेंबरात हिंदू जिमखान्याची मंडळी वर्ध्याला गांधीजींना भेटली. धर्मावर आधारलेले संघ मला समजत नाहीत, सामने थांबवू पाहणाऱ्यांना माझी सहानुभूती आहे, अशी भूमिका त्यांनी घेतली. सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी यांच्या संपादकत्वाखालच्या 'बॉम्बे क्रॉनिकल'ने जातीय क्रिकेटविरुद्ध आघाडी उघडली. तरी प्रेक्षक येतच राहिले. रणजी सामन्यांना रिकाम्या खुर्च्या आणि पंचरंगीला तुडुंब गर्दी. स्पर्धा बंद पडली ती १९४६ मध्ये. या वादाचा मध्यबिंदू हिंदू-मुस्लिम ऐक्य हा होता आणि तो प्रश्न महत्त्वाचाच होता. पण हिंदू संघाच्या आतला जातीचा प्रश्न, जो पालवणकर बंधूंनी वीस वर्षांपूर्वी ऐरणीवर आणला होता, तो मागे ढकलला गेला. पुरोगामी म्हणवणाऱ्या माध्यमांची ही सवय अजून मोडलेली नाही.

बाबासाहेबांनी १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात रानडे जयंतीच्या भाषणात भारतीय पत्रकारितेवर कोरडे ओढले. एके काळी हा पेशा होता, आता धंदा झाला आहे, आणि साबण बनवण्याइतकीच नैतिक जबाबदारी त्यात उरली आहे, असा त्यांचा आशय होता. विभूतिपूजेवरची टीकाही त्याच भाषणातली. आजच्या क्रीडावाहिन्यांचा अर्धा वेळ विभूतिपूजेत जातो आणि उरलेला जाहिरातीत, हे पाहिले की भाषण कालचे वाटते.

न्यूजरूममध्ये कोण बसते याचे आकडेही उपलब्ध आहेत. २००६ मध्ये अनिल चमडिया, जितेंद्र कुमार आणि योगेंद्र यादव यांनी दिल्लीतल्या ३७ माध्यमसंस्थांमधल्या ३१५ वरिष्ठ पत्रकारांची पाहणी केली. त्यात एकही दलित किंवा आदिवासी सापडला नाही. २०१९ च्या ऑक्सफॅम-न्यूजलाँड्री अहवालात १२१ नेतृत्वपदांपैकी १०६ पदांवर सवर्ण होते आणि दलित-आदिवासी शून्य. 'मूकनायक'च्या पहिल्या अंकातले निदान शतकानंतरही लागू पडते ते असे.

याचा परिणाम खेळाच्या बातमीवर होतो. ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियोत भारतीय महिला हॉकी संघ उपांत्य सामना हरला. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारी पहिली भारतीय महिला वंदना कटारिया, तिच्या हरिद्वारजवळच्या घरासमोर फटाके फोडून जातिवाचक शिवीगाळ करण्यात आली. त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला पाकिस्तानकडून हरल्यावर मोहम्मद शमीवर धर्मावरून गरळ ओकली गेली. पुढच्या वर्षी एक झेल सुटला म्हणून अर्शदीप सिंगला खलिस्तानी ठरवले गेले. या प्रत्येक वेळी 'खेळात राजकारण नको' म्हणणारे गप्प होते. जिंकल्यावर सगळे भारतीय, हरल्यावर ज्याची त्याची जात आणि धर्म.

आणि इथे आपल्यालाही एक पथ्य पाळावे लागेल. अमुक खेळाडूला वगळले म्हणजे जातीमुळेच, असे पुरावा नसताना ठोकून देण्याने आपली बाजू दुबळी होते. विठ्ठल-शिवराम यांनी नुसता संताप केला नाही. ज्येष्ठता, कामगिरी, निवड या क्रमाने त्यांची बाजू उभी होती, म्हणून ती टिकली. फॉरवर्ड आलेला मेसेज हा पुरावा नसतो. बुद्धांनी कालामांना सांगितलेली गोष्ट इथेही लागू आहे: ऐकीव आहे म्हणून मानू नका, तपासा.

अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. 'पिट्सबर्ग कुरियर' या काळ्यांच्या वृत्तपत्राचा क्रीडापत्रकार वेंडेल स्मिथ याने बेसबॉलमधल्या वर्णभेदाविरुद्ध वर्षानुवर्षे लेखणी चालवली. गोऱ्या पत्रकारांच्या संघटनेत त्याला प्रवेश नव्हता. तरी त्याने काळ्या खेळाडूंची कामगिरी नोंदवणे थांबवले नाही. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरला, तेव्हा त्याच्यामागे ही सगळी नोंद उभी होती.

आपल्या ठाणे-कल्याण-डोंबिवली पट्ट्यात खेळ कमी नाही. अजिंक्य रहाणे याच डोंबिवलीतून घडला. गावोगावी टेनिस क्रिकेटचे सामने होतात, आमदार चषक होतात, भीमजयंतीनिमित्त स्पर्धा होतात. लेदर बॉलचा खेळ मात्र अजून कोचिंगची फी, किटचा खर्च आणि आझाद मैदानापर्यंतचा लोकलचा प्रवास परवडणाऱ्यांचा आहे. आपल्या वस्तीतली किती पोरे या वाटेवर गळतात, कोणत्या वयात गळतात, मुली तर मैदानापर्यंत पोहोचतात का, याची नोंद कोणते वृत्तपत्र ठेवते? कोणतेच नाही. मग ती आपण ठेवायला हवी. जयंतीच्या स्पर्धेचा खर्च बॅनरवर होतो, त्यातला थोडा वाचनालयात पालवणकरांवरच्या पुस्तकांसाठी काढता येईल. स्पर्धेचे स्कोअरबुक फेकून न देता जपता येईल. वस्तीतल्या मैदानावर इमारत उठत असेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाकता येईल. मंडळातल्या एका तरी पोरीला किंवा पोराला क्रीडापत्रकार व्हायला सांगता येईल.

'मूकनायक'ची जाहिरात 'केसरी'ने छापली नाही, तेव्हा बाबासाहेब 'केसरी'ला शिव्या घालत बसले नाहीत. 'बहिष्कृत भारत' काढले, 'जनता' काढले, 'प्रबुद्ध भारत' काढले. पक्षपाती माध्यमांवर लोकलमध्ये कितीही भांडलो तरी कल्याण येते आणि डबा रिकामा होतो. येत्या जयंतीच्या स्पर्धेपासून स्कोअरबुक कोण सांभाळणार, एवढे तरी आपल्या मंडळाच्या पुढच्या बैठकीत ठरवा.

जय भीम!